श्वानरथांतील सवारी

गेल्या पौषांत आमच्या घरीं एक मोठा पेंच उद्भवला. गंगापूर रस्त्यावरील एका नव्या इमारतींत, चौथ्या मजल्यावर, आमचे एक स्नेही राहत असत. त्यांची बदली परदेशीं झाली. त्यांच्यापाशीं हस्की जातीचा दोन वर्षांचा कुत्रा होता. डोळे निळे, तोंड लांडग्याचें आणि स्वभाव गाईचा. त्यास बरोबर नेणें त्यांना शक्य नव्हतें. आमच्या थोरल्या बंधूंचा बारा वर्षांचा नातू त्यांच्या मुलाबरोबर शिकवणीस जात असे. एके दिवशीं संध्याकाळीं त्यानें घरीं येऊन जाहीर केलें कीं, हा कुत्रा आपण घेणार. न घेतल्यास पिल्लांचा धंदा करणारा कोणी तरी त्यास उचलून नेईल.

आमचें कुटुंब जुन्या नाशकांतल्या वाड्यांत राहतें. पानाला अकरा माणसें. आजोबांच्या काळापर्यंत वैश्वदेवाच्या बलींत श्वानाचा भाग काढण्याची चाल होती. परंतु भाग काढणें निराळें आणि भागीदारच घरांत घेणें निराळें, असें वहिनींचें म्हणणें पडलें. नातू दोन वेळां जेवला नाहीं. तिसऱ्या वेळीं दादांनीं तोड काढली. "भाऊ पुढच्या महिन्यांत फिनलंडास पुतण्याकडे जातच आहे. ह्या कुत्र्यांचा मुलूख तिकडचाच. तो पाहून येईल, मग ठरवूं." खरें पाहतां हा मुलूख सैबेरियाचा, पण घरांतील भांडण मिटत असतां भूगोल सुधारूं नये, एवढें शहाणपण आम्हांस वयानें दिलें आहे.

तात्पर्य, ह्या महिन्याचें आमचें सदर कुत्र्यांस वाहिलेलें आहे. वाचकांनीं क्षमा करावी.

पुतण्या हेलसिंकीस असतो. तेथून रात्रीच्या आगगाडीनें आठशेंहून अधिक किलोमीटर उत्तरेस गेलें कीं रोवानिएमी हें लॅपलंडचें मुख्य शहर लागतें. 1944 सालीं माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याच्या काळांत हें शहर जवळ जवळ सारें जळून गेलें. पुढें आल्वार आल्टो ह्या स्थापत्यशास्त्रज्ञानें रेनडिअरच्या शिंगांच्या आकाराचा नकाशा काढून तें पुन्हां वसविलें. उत्तर ध्रुववृत्त शहराच्या अगदीं जवळून जातें. आम्ही उतरलों तेव्हां पारा शून्याखालीं बावीस अंशांवर होता. थंडीविषयीं आमची कल्पना निफाडपर्यंत पोंचलेली. पारा चार-पांच अंशांवर उतरला कीं तिकडचे बागाईतदार द्राक्षाच्या मळ्यांत पहांटे शेकोट्या पेटवितात, ती आमच्या लेखीं थंडीची परमावधि होती. येथें श्वास घेतांच नाकांतील केंस कडक झाल्याचें जाणवलें. सौ. म्हणाली, "बोलूं नका, दांत थंड होतात." आम्ही बरेच वेळ बोललों नाहीं, ह्याची नोंद तिनें घेतली आहे.

हस्कींचें आवार शहरापासून अर्ध्या तासावर, रानांत आहे. तें दिसण्यापूर्वीं ऐकूं येतें. नव्वद कुत्रे होते. चित्रांत पाहतों तसे झुबकेदार, निळ्या डोळ्यांचे त्यांत निम्म्याहूनही कमी. बाकीचे किडकिडीत, लांब पायांचे, कोणी तांबूस, कोणी काळा. आपल्या भद्रकालींतील एखादा कुत्रा त्यांत सोडला असता तर चटकन् ओळखूं आला नसता. मालकीणबाईंनीं खुलासा केला कीं, हे अलास्कन हस्की. ही शुद्ध जात नव्हे. रंगरूप न पाहतां केवळ धांव आणि चिकाटी पाहून अनेक रक्तांच्या मिश्रणानें ती तयार झाली आहे. दुसरा, चित्रांतला, तो सैबेरियन हस्की. ईशान्य सैबेरियांतील चुकची लोकांनीं तो पिढ्यान्पिढ्या जोपासला. 1908 सालीं त्यांतले कांहीं अलास्कांत नोमला शर्यतीसाठीं आणले गेले आणि तेथून तो जगभर पसरला. कुलशीलाचा विचार बाजूस ठेवून निव्वळ कर्तबगारीवर विवाह जुळविल्यास काय होतें, तें आम्ही त्या आवारांत पाहिलें. अधिक लिहीत नाहीं.

ह्या प्राण्याच्या अंगावर लोंकरीचे दोन थर असतात. आंतला मऊ व दाट, बाहेरचा राठ. बर्फांत खळगा करून, शेंपटी नाकावर ओढून तो उघड्यावर झोंपतो. थंडींत कुत्रे नुसतें पाणी फारसें पीत नाहींत, म्हणून मांस व चरबी घातलेलें कोमट सूप त्यांस पाजतात. एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. लॅपलंडच्या मूळच्या सामी लोकांची वहिवाट रेनडिअरची. कुत्रा त्यांच्याकडे कळप वळण्याच्या कामीं. प्रवाशांस कुत्र्यांच्या गाडींतून फिरविण्याचा धंदा ह्या भागांत अलीकडचा. 2020 सालीं साथीमुळें प्रवासी यावयाचे थांबले, तेव्हां अशा आवारांच्या मालकांस कुत्र्यांच्या पोटाची मोठी चिंता पडली होती. कित्येक कुत्रे सांखळीस होते, तें आम्हांस रुचलें नाहीं, व आम्हीं तसें बोलून दाखविलें. बाई म्हणाल्या, "आपण धांवतांना पाहा, मग बोला." हें उत्तर पुरें नाहीं, असें आमचें मत अजूनही आहे.

कुत्र्यांच्या गाडीची कीर्ति खरी कोणी केली असेल तर ती घटसर्पानें. 1925 च्या जानेवारींत नोम येथें मुलांना घटसर्प होऊं लागला. बंदर बर्फानें बंद, विमानाचा भरंवसा नाहीं, आणि सर्वांत जवळचें आगगाडीचें ठाणें सुमारें 1085 किलोमीटर दूर. तेथून औषधाच्या कुप्या वीस गाडीवानांनीं आणि दीडशेंच्या घरांतील कुत्र्यांनीं टप्प्याटप्प्यानें साडेपांच दिवसांत पोंचविल्या. शेवटच्या टप्प्याचा पुढारी कुत्रा बाल्टो. त्याचा पुतळा त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या उद्यानांत उभा राहिला. सर्वांत लांब व बिकट टप्पा लिओनार्ड सेप्पाला आणि त्याचा वयस्क कुत्रा टोगो ह्यांनीं पार केला होता. त्यांच्या वाट्यास त्या वेळीं एवढा गाजावाजा आला नाहीं. शेवटीं पोंचणाराच्या गळ्यांत माळ पडते, हा अनुभव ज्या घरांत सून वाढते आणि सासू स्वयंपाक करते तेथें नवा नाहीं.

ह्याच्या उलट गोष्ट पुतण्यानें आवारांतच सांगितली. 14 डिसेंबर 1911 रोजीं आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोंचला तो कुत्र्यांच्या बळावर. निघतांना बावन्न होते, परतले अकरा. बरेचसे वाटेंत मारून माणसांस व उरलेल्या कुत्र्यांस खाऊं घातले, आणि तसा हिशेब निघण्यापूर्वींच मांडलेला होता. हें ऐकून सूनबाई खिन्न झाली. ती म्हणाली, "काका, आपल्याकडे हिमालयांतून शेवटपर्यंत बरोबर आला तोही कुत्राच होता ना?" युधिष्ठिरानें कुत्र्यावांचून इंद्राच्या रथांत पाऊल ठेवण्याचें नाकारलें, ही कथा लहानपणीं आम्हींच तिच्या नवऱ्यास सांगितली होती. बर्फावरील कुत्र्याच्या ह्या दोन कथा एका पाठोपाठ एक आठवाव्या, हें त्या दिवशीं बरेंच झालें.

आतां सवारीविषयीं. गाडी म्हणजे लांबट लाकडी सांगाडा. चाकें नाहींत, खालीं दोन पट्ट्या बर्फावरून घसरतात. आंत रेनडिअरच्या कातड्यावर एकानें बसावें आणि मागें, त्या पट्ट्यांच्या टोंकांवर, दुसऱ्यानें उभें राहावें. दोहोंच्या मध्यें लोखंडी दांत्यांचा आडवा ब्रेक. सूचना तीनच: ब्रेक पायानें दाबावा, वळणावर आंतल्या बाजूस झुकावें, आणि कांहीं झालें तरी दांडा सोडूं नये, सोडल्यास गाडी जाईल व आपण राहाल. सौ. आंत बसली. वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं मागें उभे राहिलों आम्ही.

सहा कुत्रे जुंपले. जुंपणें चालू असतां जो कल्लोळ झाला तो लिहून कळणार नाहीं. जुंपलेले ओरडतात चला म्हणून, न जुंपलेले ओरडतात आम्हांस कां नाहीं म्हणून. पट्टे ताणून ते जागच्या जागीं उड्या मारीत होते. गाडी खुंट्यास बांधलेली नसती तर रिकामीच निघून गेली असती. आमच्या मनांत आलें कीं, ह्या जीवांवर जुलूम होत असेल तर तो थांबविण्याचा.

दोर सुटला, आणि एकाएकीं सारें शांत झालें. एकही कुत्रा भुंकेना. केवळ बर्फावर पट्ट्यांचा सरसर आवाज आणि चोवीस पावलांचा एक सारखा नाद. दोहों बाजूंस स्प्रूसचीं काळसर झाडें, मधून मधून भूर्ज. ज्याच्या सालीवर आपल्याकडील जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जाचे हे उत्तरेकडील भाऊबंद. सूर्य झाडांच्या शेंड्यांएवढाच वर आला होता. मधला एक कुत्रा धांवतां धांवतांच तोंड वांकडें करून बर्फाचा घांस घेई. आणखी एका कुत्र्यानें धांवतां धांवतांच दुसराही विधि उरकला, सौ. नेमकी पुढें तोंड करून बसलेली असल्यामुळें त्याचें साद्यंत वर्णन तिजकडेच मागावें.

चढ आला तेव्हां वेग मंदावला. मागील जोडींतील डावा कुत्रा मान वळवून आमच्याकडे पाहूं लागला. कोणासही कळावें असें तें पाहणें होतें: आम्ही ओढीत आहों, आणि आपण? आम्हीं एक पाय बर्फावर टेकून गाडीस रेटा दिला, तेव्हां त्यानें मान पुढें वळविली. वळणावर मात्र झुकावयाचें विसरलों. एक पाय सुटला, गुडघा बर्फांतून फरफटत गेला, पण दांडा सुटला नाहीं. आमच्या आजोबांकडून ऐकलेली नाशकची घोड्यांची ट्राम त्या वेळीं कां आठवावी कोण जाणे! 1889 पासून नाशिक रोड स्टेशन आणि गांव ह्यांच्या दरम्यान ती चाले. आरंभीं चार घोडे, पुढें पेट्रोलचें इंजिन, आणि 1933 च्या सुमारास कायमची बंद. आजोबा म्हणत, इंजिन आल्यापासून ट्राम लवकर पोंचे, पण तिच्याशीं बोलतां येईनासें झालें.

अडीच किलोमीटर संपावयास पंधरा मिनिटेंही लागलीं नसावीं. थांबतांच पुन्हां तोच कल्लोळ.

नंतर लाकडी झोंपडींत शेकोटीपाशीं बसून गरम बेरीचा रस घेत असतां आम्हीं मुख्य प्रश्न काढला. चुलीजवळ तेरा वर्षांचा एक म्हातारा कुत्रा झोंपला होता; आठ हिंवाळे त्यानें गाडीचें पुढारपण केलें, असें समजलें. बाईंनीं विचारलें, "तुमच्या गांवीं उन्हाळा किती?" आम्ही म्हणालों, "चाळीस अंश." त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. "पारा पंधरांवर गेला तर आम्ही ह्यांस जुंपीत नाहीं. तुमचा कुत्रा रोज किती धांवतो?" लिफ्टनें दोनदां खालीं जातो आणि उरलेला दिवस वातानुकूलित खोलींत काढतो, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटला. पुतण्या म्हणाला, "म्हणजे असा कुत्रा घेऊंच नये ना?"

"पिल्लूं विकत घेणार असाल तर मुळींच घेऊं नका," त्या म्हणाल्या. "पण हा तर आधींच तुमच्या गांवांत आहे. तुम्हीं नाहीं म्हटल्यानें त्याचें ऊन कमी होणार आहे काय?"

ह्या दिशेनें आमच्या अकरा माणसांपैकीं एकानेंही विचार केलेला नव्हता. आम्ही कागद काढला आणि त्या सांगत गेल्या तें लिहून घेतलें. अंगावरील केंस कापून टाकूं नयेत, ते उन्हापासूनही रक्षण करतात. धांवणें सूर्योदयापूर्वींच. दुपारीं दगडी जमीन व मुबलक पाणी. धाप थांबेना, हिरड्या गडद लाल दिसूं लागल्या किंवा चाल अडखळली, तर पोट व पंजे गार पाण्यानें भिजवून तत्काळ वैद्याकडे न्यावें. आणि पिल्लांसाठीं त्यास कोणाच्याही हवालीं करूं नये.

फाल्गुनांत घरीं परतलों. रात्रीं माजघरांत सारे जमले असतां आम्हीं हकीकत सांगितली. नोम झालें, आमुंडसेन झाला, गुडघाही दाखवून झाला. नातू वहिनींच्या तोंडाकडे पाहत होता. त्यांनीं दुसरें कांहीं विचारलें नाहीं. "तो म्हातारा कुत्रा चुलीपाशीं झोंपतो म्हणालांत, भावोजी?" "होय." "बाईनें त्यास काम संपल्यावर घालविला नाहीं?" "नाहीं." त्या उठल्या, दिवा घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरल्या, आणि वर येऊन म्हणाल्या, "खालची फरशी वैशाखांतही गार असते. देवघर आणि स्वयंपाकघर मात्र सोडून."

होळीच्या आदल्या दिवशीं तो वाड्यांत आला. वैशाख कठीण गेला, हें लपवीत नाहीं. पारा चाळिशीस टेकला त्या आठवड्यांत तो तळघरांतून दिवसभर वर आला नाहीं, आणि एका दुपारीं त्याची धाप पाहून आम्ही व दादा दोघेही ओले पंचे घेऊन त्याच्या पोटाशीं बसलों होतों. वहिनी पायरीवर उभ्या राहून घंगाळांतून पाणी देत होत्या. आमचा निर्णय बरोबर कीं चूक, हें त्या दुपारीं कोणी विचारलें असतें तर आम्हीं उत्तर दिलें नसतें.

आतां पाऊस लागला आहे. पहांटे साडेचारास तो चौकांत येऊन, मान वर करून, लांडग्यासारखा गळा काढतो. शेजारच्या वाड्यांतील मंडळी त्या सुरावर उठून काकड आरतीस जातात. पांच वाजतां नातू, त्याचा बाप आणि आम्ही, असे तिघे त्यास नदीकांठीं नेतों. दिंडीचा अडसर निघेपर्यंत त्याचा ओरडा चालू असतो. दार उघडलें, दोर ताणला गेला, कीं तो गप्प होतो आणि ओढूं लागतो. मागून वहिनींची हांक येते, "अरे, त्याला दोन्ही हातांनीं धर!"