तसबिरीला हार, प्रयोगशाळेला कुलूप

दरवर्षी २८ फेब्रुवारी उजाडला की शाळाशाळांतून सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या तसबिरीला हार पडतो. भाषणे होतात, निबंधस्पर्धा होते, चहापान होते. प्रयोगशाळेचे कुलूप मात्र जसेच्या तसे राहते. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. पाळला जातो हेच खरे, कारण सुतकही असेच पाळतात!

ज्यांना हार घातला, ते रामन काय करीत होते, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगते काय? सरकारी अर्थखात्यातील हा अधिकारी कचेरीच्या आधी आणि नंतर कोलकात्यातील एका प्रयोगशाळेत राबत असे. ती संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्वकीयांच्या देणग्यांतून उभारली होती. १९२१ मध्ये युरोपहून परतताना रामन यांनी बोटीवरून समुद्राची निळाई न्याहाळली. ती आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांचे मत. रामन यांनी खिशातील निकोल लोलकातून पाहिले. पृष्ठभागावरचे परावर्तन लोलकाने अडवले, तरी निळाई गेली नाही. उलट अधिक गडद झाली. बोट मुंबई बंदरात पोहोचली तेव्हा ‘नेचर’ला धाडायचे पत्र तयार होते. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यातील प्रतिपादन. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, याचा निळाईत फार मोठा वाटा आहे, हे आज आपण जाणतो. म्हणजे रामन यांचेही उत्तर पूर्ण नव्हते. पण त्यांनी मोठ्या नावापुढे मान न तुकवता स्वतः पाहिले, आणि त्याच वाटेने सात वर्षांनी, १९२८ मध्ये, ‘रामन परिणाम’ हाती आला. १९३० चे नोबेल त्याचेच.

आणि आपल्या शाळांत? समुद्र निळा का, याला ‘आकाशाच्या प्रतिबिंबामुळे’ हेच उत्तर आजही बिनदिक्कत दिले जाते!

साहित्याला पैसा नाही, ही सबब ठरलेली. कंगव्याला किती पैसा लागतो? कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. एवढी थोरली पृथ्वी कपट्याला खाली ओढते आहे आणि कंगव्यावरचा चिमूटभर विद्युत्प्रभार तिच्यावर मात करतो! गुरुत्वाकर्षणापुढे विद्युतबल किती प्रबळ, हे यापेक्षा स्पष्ट कोणते सूत्र सांगेल? कोकणातल्या पावसाळ्यात हाच प्रयोग फसतो, कारण दमट हवेत पृष्ठभागांवर ओलावा बसतो आणि प्रभार निसटून जातो. ते फसणेही दाखवण्याजोगे आहे.

पण पालकांना गुण हवे आहेत आणि शिकवणीवर्गांना पालक. कूलोमचा नियम घडाघडा म्हणणाऱ्या मुलाची प्रयोगवही गतवर्षीच्या वहीवरून उतरवलेली असते, हे शिक्षकांना ठाऊक, पालकांना ठाऊक आणि परीक्षकांनाही ठाऊक.

अशा वर्गात एखादे मूल विचारते : कागदावर प्रभार नाही, मग तो ओढला का जातो? प्रश्न अस्सल आहे. कंगवा जवळ येताच कागदातील प्रभार किंचित सरकतात. विरुद्ध प्रभार कंगव्याच्या बाजूला आणि सजातीय दूर. जवळच्याची ओढ दूरच्या अपकर्षणाहून अधिक भरते आणि कपटा उडतो. उत्तर द्यायला दोन मिनिटे पुरतात. मुलाला मिळणारे उत्तर त्याहूनही आटोपशीर असते : हे परीक्षेला नाही, खाली बस.