बाटलीतलं लेसिथिन, ताटातलं लेसिथिन

हिमायत बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा ज्येष्ठांच्या कट्ट्यावर हल्ली राजकारणापेक्षा गोळ्यांची चर्चा जास्त चालते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नव्हे, आपल्या मनानं घेतलेल्या! त्यातलं सध्याचं लाडकं नाव म्हणजे लेसिथिन. कोणाच्या मुलानं अमेरिकेहून बाटली पाठवलेली, कोणी घरबसल्या मागवलेली. चरबी विरघळते, विसरभोळेपणा जातो, यकृत साफ होतं... गुण सांगावेत तेवढे थोडे. एका गृहस्थांनी तर लेसिथिन सुरू केलं आणि कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. डॉक्टरांना पत्ताच नाही. हे ऐकलं आणि या विषयावर लिहायचं ठरवलं.

मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे, पण शब्दाचं मूळ शोधायची खोड जुनी आहे. 'लेकिथोस' म्हणजे ग्रीक भाषेत अंड्याचा पिवळा बलक. थिओडोर गोब्ले या फ्रेंच शास्त्रज्ञानं हा पदार्थ बलकातून वेगळा काढला आणि १८५० मध्ये त्याला लेसिथिन हे नाव दिलं. याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. म्हणून एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे तेल आणि पाणी याच्या मध्यस्थीनं एकत्र नांदतात. चॉकलेट-बिस्किटांच्या वेष्टनावर 'इमल्सिफायर ३२२' असं लिहिलेलं असतं, तो हाच.

शरीरात याचं काम मोठंच आहे, यात वाद नाही. पेशींचं आवरण मुख्यत्वे याच जातीच्या स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं. पित्तातलं कोलेस्टेरॉल यामुळे विरघळलेलं राहतं. यकृतातली चरबी बाहेर वाहून न्यायलाही हे लागतं. यातून मिळणाऱ्या कोलीनपासून मेंदूतला एक निरोप्या रसायन तयार होतो. पण गंमत पुढेच आहे. शरीराला लागणारं लेसिथिन शरीर स्वतःच तयार करतं. आपण गिळलेलं लेसिथिन आतड्यात आधी मोडलं जातं, मग त्याचे तुकडे वापरले जातात. बाटलीतून निघून ते थेट मेंदूत जाऊन बसत नाही!

कच्चा माल म्हणून कोलीन मात्र आहारातून यावं लागतं, कारण शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ५५० आणि स्त्रीला ४२५ मिलिग्रॅम पुरेसं मानतात. आता हिशेब करा. १२०० मिलिग्रॅमच्या सोया लेसिथिनच्या एका कॅप्सूलमध्ये कोलीन भरतं साधारण ४० मिलिग्रॅम. एवढं तर कपभर दुधात असतं. एका मोठ्या अंड्यात दीडशेच्या आसपास. अंडं न खाणाऱ्यांसाठी सोयाबीन, शेंगदाणे, डाळी, फ्लॉवर आहेतच. आणि स्मरणशक्ती? स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर झालेले लेसिथिनचे प्रयोग एकत्र तपासून कोक्रेन संस्थेनं २००० साली आढावा घेतला, त्यात फायद्याचा पुरावा मिळाला नाही. कोलेस्टेरॉलच्या औषधाची जागा ते घेऊ शकतं, असंही सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. आपण जाहिरात वाचतो, ही ओळ वाचत नाही.

आपल्या मराठवाड्यापुरता एक मुद्दा आणखी. या कॅप्सूलमधलं लेसिथिन बहुधा सोयाबीनचं असतं. कच्च्या सोयातेलात थोडं पाणी घालून ढवळलं की चिकट साका वेगळा होतो. तो वाळवला की लेसिथिन. म्हणजे तेल शुद्ध करताना निघणारा जोडपदार्थ! लातूरपासून आपल्या जिल्ह्यापर्यंत शेतकरी जे पीक घेतो, त्याला २०२४ च्या हंगामात ४८९२ रुपये क्विंटल हमीभाव जाहीर होता आणि बाजारात भाव त्याच्याही खाली राहिले. त्याच दाण्याचा साका चकचकीत बाटलीत बसला की आपण मात्र भाव विचारत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चांगलंचुंगलं खाणाऱ्या निवृत्त माणसाला ही बाटली लागत नाही. डॉक्टरांनी सांगितली असेल तर जरूर घ्या. तिच्या भरवशावर चालू औषध मात्र बंद करू नका. पैसे जातील ते जाऊ द्या, धोका जिवाला आहे.

आणि पैसे उरलेच, तर एक सुचवतो. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय राज्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला आणि शाळांनी लोकवर्गणीतून सोय करावी असं ठरलं. वाढत्या वयाच्या पोरांना त्या बलकाची गरज आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तुमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकदा मुख्याध्यापकांना भेटा. एका बाटलीच्या पैशात एका वर्गाची बरीच अंडी येतात. जी मुलं अंडं खात नाहीत, त्यांना केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू द्या. मला तरी हा सौदा पटतो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.