घरबसल्या दहावी : पैसे भरण्यापूर्वी एवढे वाचा

नववीतून शाळा सुटलेली सून, दहावीला तीन विषय राहिलेला मुलगा, बढतीसाठी दहावी हवी असलेला सफाई कामगार. अशी माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्या मोबाईलवर हल्ली जाहिरात येते : "घरबसल्या दहावी-बारावी, लगेच सर्टिफिकेट." बंधुभगिनींनो, जरा थांबा.

मोबाईलवर शिकणे वेगळे आणि दहावी पास होणे वेगळे. धडे मोबाईलवर पाहता येतात. पण दाखला मान्यताप्राप्त मंडळच देते आणि त्यासाठी परीक्षा द्यावीच लागते. परीक्षेशिवाय दाखला देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तसला कागद नोकरीच्या वेळी पडताळणीत उघडा पडतो. पैसे जातात, नोकरी जाते आणि ठपका उमेदवारावर येतो. कचेरीत कागद तपासणारा कारकून आधी मंडळाचे नाव वाचतो, हे मी अनुभवाने सांगतो.

मग सरळ मार्ग कोणता? केंद्र सरकारने १९८९ साली नॅशनल ओपन स्कूल सुरू केले. २००२ पासून त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था म्हणतात. एनआयओएस हे तिचे छोटे नाव. प्रवेश-अर्ज ऑनलाईन भरता येतो. दहावीसाठी वय किमान १४ हवे, वरची मर्यादा नाही. पाच विषय घ्यायचे, त्यांत किमान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण नियमानुसार इकडे घेता येतात. दहावीला मराठी माध्यमही आहे.

महिलांना आणि अनुसूचित जातीच्या उमेदवारांना शुल्कात सवलत आहे. १९९० पासून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू आहेत. तेव्हा जातीचा दाखला काढून ठेवा, अर्जाला जोडा. जुना शाळेचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फोटो हेही जवळ ठेवा. नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे ना, ते आधी पाहा.

विषय निवडताना पुढचा विचार करा. गणित अवघड म्हणून सोडता येते. पण उद्या मुलाला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचे असेल तर तेथे दहावीचे गणित आणि विज्ञान विचारतात.

अभ्यासासाठी केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे ऑनलाईन व्यासपीठ २०१७ पासून आहे. नववी ते बारावीचे धडे तेथे एनआयओएस चालवते. शिकणे फुकट आहे. ज्यांच्याकडे नेट पुरत नाही त्यांच्यासाठी 'स्वयंप्रभा' या टीव्ही वाहिन्या आहेत. बरेच धडे हिंदी-इंग्रजीत आहेत, म्हणून मराठी पुस्तक शेजारी ठेवूनच पाहावेत. नुसते पाहू नये. वही घेऊन लिहावे. पेपर हातानेच लिहायचा आहे.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. शाळा सोडलेली बाई पुन्हा अभ्यासाला बसते तेव्हा तिला मोबाईलपेक्षा वेळ जास्त लागतो. रात्रीची भांडी दुसऱ्या कोणी घासावीत आणि तासभर टीव्ही बंद ठेवावा. तिचा अर्ज भरण्याआधी घरात हे ठरवून घ्या.