82 पैकी 68 पराभव : दोष एकट्या कोचचा?

एनबीएतल्या डेट्रॉइट पिस्टन्सने 2023-24 मध्ये सलग 28 सामने गमावले. 82 पैकी जेमतेम 14 विजय. सहा वर्षांच्या करारावर आणलेले कोच मॉन्टी विल्यम्स यांना पहिल्याच मोसमानंतर नारळ मिळाला. पुढच्या वर्षी जे. बी. बिकरस्टाफ आले आणि विजय थेट 44!

मग चूक विल्यम्स यांचीच? काही अंशी, हो. सुरुवातीला जेडन आयव्हीला बेंचवर ठेवून किलियन हेजला खेळवलं ते त्यांनीच. हेजला तर संघाने फेब्रुवारीतच सोडून दिलं.

पण बिकरस्टाफ यांच्या हाती आलेला संघ तोच नव्हता. टोबियस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे अनुभवी शूटर मधल्या काळात आले होते. आणि विल्यम्स येण्याआधीही संघाचे विजय होते फक्त 17. त्या डिसेंबरमध्ये स्टेडियममधल्या ‘संघ विकून टाका’च्या घोषणा तर मालक टॉम गोर्स यांच्यासाठी होत्या.