जनरेटरची पारख

वाशीम जिल्ह्यात, रिसोड-मालेगावच्या शिवारांत, रब्बीच्या ओलिताची निकड आणि भारनियमन यांची गाठ पडली की कास्तकार जनरेटरच्या खरेदीस निघतो. परंतु केवळ मोटारीच्या अश्वशक्तीवरून त्याची क्षमता ठरविणे हा घातक भ्रम होय. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे खरे, तथापि थेट चालू होणारी मोटार आरंभीच्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट विद्युत्प्रवाह ओढते, आणि तो भार न पेलल्यास दाब कोसळून मोटार जळण्याची धास्ती असते. दिव्यांच्या वॅटांची नुसती बेरीज पुरते. पंप आणि फ्रीज यांचा आरंभीचा भार मात्र स्वतंत्र धरावा लागतो. म्हणून विक्रेत्याने हा हिशेब ग्राहकास लेखी देणे शासनाने बंधनकारक करावे, कारण कास्तकाराच्या कष्टाची पुंजी अज्ञानापायी जळून जाणे कोणत्याही सुजाण समाजास शोभणारे नाही.