पेंटियमचा जयघोष पुरे, कारखान्याचे बोला!

२०२५ मध्ये विनोद धाम यांना पद्मभूषण जाहीर झाला आणि ‘पेंटियमचे जनक भारतीय’ हा जुना जयघोष पुन्हा एकदा घुमला. जयघोष करणाऱ्यांचा आनंद निखळ आहे; परंतु त्या आनंदाआड एक अप्रिय प्रश्न सोयीस्करपणे दडविला जातो. पुरुषार्थ भारतीयाचा होता, तर तो भारतात का घडला नाही?

फाळणीत रावळपिंडी सोडून आलेल्या कुटुंबात, १९५० साली पुण्यात धाम यांचा जन्म झाला. १९७१ मध्ये दिल्ली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून ते विद्युत अभियंता झाले आणि दिल्लीच्याच कॉन्टिनेंटल डिव्हाइस या सेमीकंडक्टर बनविणाऱ्या कंपनीत रुजू झाले. म्हणजे या विद्येचे पहिले धडे त्यांनी मायदेशीच गिरविले. १९७५ मध्ये मात्र खिशात अवघे ८ डॉलर घेऊन हा तरुण सिनसिनाटी विद्यापीठात दाखल झाला. १९७९ मध्ये तो इंटेलमध्ये गेला. तेथे फ्लॅश स्मृतीच्या तंत्राचा पाया घालणाऱ्यांत त्याचा वाटा होता. १९९३ मध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टरांचा पेंटियम बाजारात आला, तेव्हा त्या प्रकल्पाची धुरा धाम यांच्या खांद्यावर होती. पुढे त्यांनी नेक्सजेन व एएमडीत इंटेललाच आव्हान देणाऱ्या के-६ चिपची कामगिरी पार पाडली.

येथे ‘जनक’ या शब्दाचाही विवेक हवा. चिप हे शेकडो अभियंत्यांचे सामूहिक तप असते. पेंटियमच्या रचनेचे सहनेतृत्व करणारे अवतार सैनी हे मुंबईच्या व्हीजेटीआयचे विद्यार्थी होते. तेव्हा उणीव बुद्धीची नव्हती. उणीव होती ती बुद्धीला आधार देणाऱ्या व्यवस्थेची.

व्यवस्था कशी असते, हे तैवानने दाखवून दिले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षे घालविलेल्या मॉरिस चँग यांना त्या चिमुकल्या देशाने १९८५ मध्ये सन्मानाने बोलावून घेतले, सरकारी तिजोरीतून जवळजवळ निम्मे भांडवल दिले आणि १९८७ मध्ये टीएसएमसी उभी राहिली. आज जगातील अत्याधुनिक चिप्सपैकी बहुसंख्य तिच्याच कारखान्यांतून बाहेर पडतात.

आपण मागून निघालो होतो, असेही नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ सालीच, म्हणजे टीएसएमसीच्या जन्माआधी तीन वर्षे, उत्पादन सुरू झाले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये तो कारखाना आगीत भस्मसात झाला. आग ही दुर्घटना होती. त्यानंतरची दिरंगाई ही दुर्घटना नव्हती. दर दोन-तीन वर्षांनी नवी पिढी येणाऱ्या या उद्योगात पुनरुभारणीची वर्षे फायलींत गेली, आणि राष्ट्राला त्याची खंतही वाटली नाही.

यावर उदारीकरणाच्या भाटांचे ठरलेले उत्तर असे : चिप येथे बनली काय नि तेथे काय, आपली मुले तर जगाच्या कंपन्या चालवितात! १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला केंद्र उघडल्यापासून चिपरचनेचे काम येथे आले, हे खरेच. जगातील सुमारे २० टक्के चिपरचनाकार भारतात आहेत, असे सरकारही सांगते. पण त्या रचनेचे स्वामित्व कोणाचे? बुद्धी आपली, वेतन परक्याचे आणि एकस्वही परक्याचेच. यास मोठेपणा म्हणावयाचे की सुशिक्षित मजुरी? कोविडकाळात चिप्सचा ओघ आटला, तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांना उत्पादन कमी करावे लागले. त्या वेळी परदेशी कंपन्यांतील ‘आपली मुले’ कोणाच्या कामी आली?

१९९० च्या दशकात स्वदेशीच्या व्यासपीठांवरून ‘संगणकाची चिप हवी, बटाट्याची नको’ अशी घोषणा दिली जाई. बटाट्याची चिप गल्लोगल्ली पोहोचली. संगणकाची आजही मुख्यतः परदेशातूनच येते.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटींची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली. मार्च २०२४ मध्ये धोलेरा येथे टाटांच्या ९१ हजार कोटींच्या कारखान्याची पायाभरणी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मोहालीत घडलेला ‘विक्रम’ हा अवकाशयानांसाठीचा प्रोसेसर पंतप्रधानांना सुपूर्द करण्यात आला. पावले योग्य दिशेने पडत आहेत. तथापि धोलेऱ्याचे तंत्र तैवानच्याच कंपनीचे आहे, हे विसरून चालणार नाही. उसन्या तंत्रावर कारखाना उभा राहतो; स्वावलंबन नव्हे.

म्हणून खरी कसोटी पायाभरणीच्या समारंभांची नाही, पुढील वीस वर्षांच्या चिकाटीची आहे. सरकारे बदलली तरी योजना बदलता कामा नये. विद्यापीठांनी आज्ञावलीइतकीच प्रतिष्ठा पदार्थविज्ञानाला व रसायनशास्त्राला दिली पाहिजे. आणि मुलाच्या व्हिसाचे पेढे वाटणाऱ्या घरांनी, तो धोलेरा वा मोहालीला निघाला तर तितक्याच आनंदाने त्याला निरोप दिला पाहिजे. परदेशी गेलेल्या धामांना दोष देणे अन्याय्य आहे आणि त्यांचा नुसता गौरव करणे सोपे आहे. पुढच्या धामाला ८ डॉलर घेऊन विमानात बसावे लागणार नाही, असा देश घडविणे हाच त्या गौरवाचा खरा अर्थ होय.