लहान्याचें मौन

सूडाचे चित्रपट आमच्या मुलांस फार आवडतात. निरपराध मनुष्यावर आळ येतो, तो तुरुंग भोगतो, सुटतो आणि एकेका वैऱ्यास गांठून हिशेब चुकता करतो. प्रेक्षक टाळ्या पिटतात. या टाळ्यांविषयीं माझ्या मनांत शंका होती. गोविंद निहलानी यांच्या १९८० सालच्या ‘आक्रोश’ या चित्रपटानें ती पक्की केली. चित्रपट हिंदी खरा, परंतु लेखणी आमच्या विजय तेंडुलकरांची. निहलानी मूळचे छायालेखक. त्यांनीं काळोखाचा उपयोग असा केला आहे कीं, भर कचेरींतही जीव गुदमरतो. (लहानांस तो दाखवूं नये, पालकांनीं मात्र अवश्य पाहावा.)

लहान्या भिकू हा आदिवासी मजूर. त्याच्या पत्नीवर गांवच्या बड्या लोकांनीं अत्याचार केला, आणि तिच्या खुनाचा आरोप आला याच्यावरच. भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील त्यास वांचवूं पाहतो, परोपरीनें विनवितो. आरोपी एक शब्द उच्चारीत नाहीं. ओम पुरी यांनीं हें मौन केवळ डोळ्यांनीं उभें केलें आहे. सरकारी वकील दुसाणे स्वतः आदिवासीच. एवढ्या हुद्द्यावर चढूनही त्यास दूरध्वनीवरून निनांवी शिव्या ऐकाव्या लागतात.

अखेर बापाच्या अंत्यविधीसाठीं लहान्यास बंदोबस्तांत आणतात. धाकट्या बहिणीवर खिळलेली मुकादमाची नजर त्यास दिसते. तो कुऱ्हाड उचलतो, आणि ती पडते बहिणीवर! पत्नीचें झालें तें हिचें होऊं नये म्हणून. मग त्यास कंठ फुटतो. पण ती वाणी नव्हे, किंकाळी.

कुऱ्हाड मुकादमावर पडती, तर आपण टाळ्या वाजवून सुखानें घरीं परतलों असतों. तें सुख आपणांस नाकारलें गेलें, हेंच मला योग्य वाटतें. ज्यास कोठेंच दाद मिळत नाहीं, त्याचा हात पुष्कळदां स्वतःच्याच माणसावर उठतो. कुलकर्णी ‘बोल, बोल’ म्हणतो. पण बोलल्यावर घरीं राहिलेल्यांचें रक्षण कोण करणार, हें तो सांगूं शकत नाहीं.

आमच्या बेलपाड्याच्या आसपास, पनवेल तालुक्यांत, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. एके वर्षीं वर्गांतून एक कंपासपेटी नाहींशी झाली. वाडीवरच्या एका मुलास मीं विचारलें. तो खालीं मान घालून उभा राहिला. मौन म्हणजे कबुली, असें समजून मीं त्यास दिवसभर दाराबाहेर उभें केलें. दोन दिवसांनीं पेटी भलत्याच दप्तरांत सांपडली. मीं सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. तेव्हांही तो कांहींच बोलला नाहीं.